बर्निंग सॉफ्टवेअर एरर करेक्शन डेटा कापून तर टाकत नाही ना? भरवसा ठेवण्याआधी करायची चाचणी

डीव्हीडिझास्टर हा प्रोग्रॅम वापरून तुम्ही आयएसओ इमेजला (डिस्कवरचे सगळे एकाच फाइलमध्ये ठेवणारी प्रत) एरर करेक्शन डेटा (खराब झालेला भाग पुन्हा उभा करण्यासाठीची जादा माहिती) जोडला, ती इमेज डिस्कवर बर्न केली, डिस्क पुन्हा घातली आणि सगळे फोटो उघडले. एवढ्यावरून डिस्क सुरक्षित झाली असे धरून चालू नका. फोटो उघडतात याचा अर्थ फक्त फायली लिहिल्या गेल्या. त्यांच्या मागे जोडलेला एरर करेक्शन डेटा, म्हणजे ईसीसी, डिस्कवर गेला की हार्ड डिस्कवरच राहिला, हे डिस्क उघडून कधीच कळत नाही. तो फायलींच्या यादीत दिसत नाही. डिस्कला ओरखडे पडतात आणि दुरुस्तीची वेळ येते तेव्हाच तो नसल्याचा पत्ता लागतो, आणि तोवर मूळ फायली बहुधा पुसलेल्या असतात.

लग्नाचे व्हिडिओ, जुन्या कागदपत्रांचे स्कॅन, संस्थेची दप्तरे अशा गोष्टी डिस्कवर ठेवणाऱ्या प्रत्येकाने आपले बर्निंग सॉफ्टवेअर एकदा तरी तपासावे. एक पुन्हा लिहिता येणारी डिस्क आणि एक मोकळी दुपार यापलीकडे खर्च नाही.

असे होते तरी का?

आयएसओ ९६६० इमेजच्या सेक्टर क्रमांक १६ मध्ये एक नोंद असते. फाइल सिस्टम, म्हणजे फायलींची मांडणी, एकूण किती सेक्टरांची आहे, हे तिथे लिहिलेले असते. सेक्टर म्हणजे डिस्कवरचा एक तुकडा, २०४८ बाइटांचा. डीव्हीडिझास्टर आरएस०२ पद्धतीने, म्हणजे इमेजच्या फाइललाच, ईसीसी जोडते तेव्हा तो या फाइल सिस्टमच्या हद्दीबाहेर, शेवटच्या सेक्टरनंतर येतो. मूळ नोंद बदलत नाही. त्यामुळे फाइल असते ७०,००० सेक्टरांची आणि आतली नोंद सांगते ५०,०००.

काही बर्निंग प्रोग्रॅम फाइलची खरी लांबी पाहतात आणि पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत सगळे डिस्कवर ओततात. काही प्रोग्रॅम आतल्या नोंदीवर विश्वास ठेवून पुढचा भाग फालतू समजतात आणि सोडून देतात. सोडताना इशारा येईलच असे नाही. वर ‘बर्न यशस्वी’ असा संदेश येतो, आणि प्रोग्रॅमच्या दृष्टीने तो खराही असतो.

काय काय लागेल

- डीव्हीडिझास्टर. मूळ प्रकल्पाच्या नंतरच्या विकास आवृत्त्यांतून विंडोज वगळले गेले होते; सध्या चालू असलेल्या अनधिकृत शाखेत लिनक्स, विंडोज आणि मॅक तिन्हींसाठी तयार फायली मिळतात.
- तपासायचे बर्निंग सॉफ्टवेअर: इमगबर्न, केथ्रीबी, ब्राझेरो, एक्सएफबर्न, सीडीबर्नरएक्सपी, विंडोजचे स्वतःचे डिस्क इमेज बर्नर, जे तुम्ही रोज वापरता ते. आवृत्ती क्रमांक लिहून ठेवा.
- एक सीडी-आरडब्ल्यू. डीव्हीडी-आरडब्ल्यूही चालेल. डीव्हीडी+आरडब्ल्यू शक्यतो टाळा, कारण पायरी ४ मध्ये येईल.
- हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारी ओळखीची खूण, काढण्याचे साधन. लिनक्सवर शा२५६सम असतेच, विंडोजवर सर्टयुटिल असते. सेव्हन-झिप असेल तर फाइलवर राइट क्लिक करूनही हॅश मिळतो.
- हेक्स एडिटर, विंडोजवर एचएक्सडी किंवा लिनक्सवर कोणताही. शेवटच्या पायरीसाठी.
- हार्ड डिस्कवर एक-दोन जीबी मोकळी जागा.

१. छोटी चाचणी इमेज बनवा

साधारण १०० एमबी फोटो एका फोल्डरमध्ये घ्या. फोटोच घ्या, कारण त्यांत शून्यांचे लांब पट्टे नसतात आणि पुढे मुद्दाम केलेले नुकसान नीट दिसते. त्या फोल्डरची आयएसओ इमेज बनवा. इमगबर्नच्या बिल्ड मोडमध्ये, केथ्रीबीत ‘फक्त इमेज तयार करा’ हा पर्याय निवडून किंवा झॉरिसो हे साधन वापरून, कसेही चालेल.

इमेज एकाच सेशनची, म्हणजे एकाच वेळी लिहायची, हवी. मल्टिसेशन, ऑडिओ सीडी, पॅकेट रायटिंगने पेन ड्राइव्हसारखी वापरलेली डिस्क, यांपैकी काहीही डीव्हीडिझास्टरच्या कामाचे नाही.

फाइलचा आकार बाइटांत पाहा आणि २०४८ ने भागा. समजा उत्तर ५०,००० आले, म्हणजे आकार १०,२४,००,००० बाइट. या आकड्याला ‘अ’ म्हणू. कागदावर लिहून ठेवा.

२. ईसीसी जोडा आणि दुसरा आकडा नोंदवा

डीव्हीडिझास्टरच्या प्रेफरन्सेसमध्ये एरर करेक्शनच्या टॅबवर आरएस०२ निवडा. काहीच बदलले नाही तर तो सीडी, डीव्हीडी अशा कोष्टकातला सर्वांत लहान आकार घेऊन त्यात मावेल तितका ईसीसी भरतो. चाचणीसाठी एवढ्याची गरज नाही. ‘जास्तीत जास्त इतके सेक्टर’ हा पर्याय घेऊन तिथे ७०,००० टाका, म्हणजे प्रत्येक बर्न आणि प्रत्येक वाचन काही मिनिटांत उरकेल.

आता क्रिएट दाबा. पद्धत आरएस०१ राहिली तर ईसीसी वेगळ्या फाइलमध्ये जाईल आणि इमेज होती तशीच राहील. मग चाचणीला अर्थच उरणार नाही. म्हणून काम झाल्यावर फाइलचा आकार वाढला आहे ना, ते पाहा.

नवा आकार पुन्हा २०४८ ने भागा. समजा ६९,८०० आले, म्हणजे १४,२९,५०,४०० बाइट. हा ‘ब’. या फाइलचा शा-२५६ हॅश काढून तोही लिहून ठेवा. मग व्हेरिफाय दाबून इमेज आणि ईसीसी दोन्ही निर्दोष असल्याची खात्री करा.

इथून पुढे इमेजला हात लावू नका. डिस्कचे नाव बदलणे, बूट करण्याची सोय घालणे, आयएसओमध्ये एमडी५ रोवणारे एखादे साधन चालवणे, हे सगळे ईसीसी जोडण्याआधी उरकायचे असते. नंतर एक बाइट जरी बदलला तरी डीव्हीडिझास्टर त्याला नुकसानच समजेल.

३. ‘इमेज बर्न करा’ हाच पर्याय घ्या

नवख्यांची सर्वांत जास्त फसगत इथे होते. ‘डेटा डिस्क’ प्रकल्प उघडून त्यात आयएसओ फाइल ओढून टाकली तर डिस्कवर एकच मोठी फाइल जाते. ‘डिस्क कॉपी’ वेगळे. तुम्हाला हवा आहे तो इमेज डिस्कवर लिहिण्याचा पर्याय.

सेटिंग्ज अशा ठेवा:

- सीडीसाठी डीएओ (पूर्ण डिस्क एका दमात लिहिणे), काही ठिकाणी याला एसएओ म्हणतात. टीएओ (एकेक ट्रॅक वेगळा लिहिण्याच्या) पद्धतीत ट्रॅकच्या शेवटी २ जादा सेक्टर पडतात आणि ते वाचता येत नाहीत. चाचणीत ते दोन ‘खराब’ सेक्टर म्हणून दिसतात आणि उगाच घबराट होते.
- मल्टिसेशन बंद. डिस्क फायनलाइझ करा, म्हणजे पुढे काही लिहिता येणार नाही अशी बंद करा.
- ‘इमेज दुरुस्त करा’, ‘आकार जुळवा’, ‘इमेज ऑप्टिमाइझ करा’ अशा अर्थाचे काही असेल तर बंद.

इमेज निवडल्यावर बहुतेक प्रोग्रॅम तिचा आकार दाखवतात. तिथे १४३ एमबीच्या जवळपासचा आकडा आहे की १०२ च्या, हे बघा. काही प्रोग्रॅम याच आकाराला १३६ किंवा ९८ दाखवतील, कारण ते १०२४ च्या हिशेबाने मोजतात. आकडा लहान दिसला तर संशय पक्का धरा, पण निकाल वाचनावरूनच द्या. पडद्यावरचा आकडा आणि प्रत्यक्ष लिहिलेला आकार यांत फरक असू शकतो.

४. डिस्कवर आधीचे काही उरले नाही ना, ते पाहा

ही पायरी चुकली तर नापास प्रोग्रॅमही पास दिसतो. म्हणून थोडे सविस्तर.

सीडी-आरडब्ल्यू ब्लँक केली की तिची विषयसूची पुसली जाते. पुढच्या बर्नमध्ये जेवढे लिहिले तेवढेच ड्राइव्हला दिसते. झटपट ब्लँक केले तरी चालते. डीव्हीडी-आरडब्ल्यूही नेहमीच्या सिक्वेन्शियल पद्धतीत असेल तर तशीच वागते.

डीव्हीडी+आरडब्ल्यू आणि बीडी-आरई यांचे तसे नाही. तिथे नवा डेटा जुन्यावर जागच्या जागी लिहिला जातो, आणि जिथे नवे पोहोचले नाही तिथे जुने तसेच राहते. आता विचार करा: तुम्ही एकच चाचणी इमेज घेऊन एकाच डीव्हीडी+आरडब्ल्यूवर दोन प्रोग्रॅम तपासत आहात. पहिल्याने पूर्ण ६९,८०० सेक्टर लिहिले. दुसरा ५०,००० वर थांबला. पण ५०,००१ पासून पुढे पहिल्या प्रोग्रॅमने लिहिलेला ईसीसी अजून डिस्कवर आहेच, आणि इमेज तीच असल्याने तो तंतोतंत जुळतो. हॅशही जुळेल. दुसरा प्रोग्रॅम ईसीसी कापतो हे तुम्हाला कळणारच नाही.

डीव्हीडी+आरडब्ल्यूशिवाय पर्यायच नसेल तर प्रत्येक चाचणीआधी डिस्क पूर्ण शून्यांनी भरा, किंवा दर वेळी वेगळे फोटो घेऊन नवी इमेज बनवा. वेगळी इमेज असली की जुना ईसीसी तिच्याशी जुळत नाही आणि चोरी उघडी पडते.

५. बर्न करा, डिस्क बाहेर काढा, पुन्हा घाला

बर्न झाल्यावर ट्रे उघडून डिस्क खरोखर बाहेर काढा. ऑपरेटिंग सिस्टमच्या कॅशेमधून वाचन झाले किंवा ड्राइव्हला जुनाच आकार आठवत राहिला तर चाचणी बिनकामाची ठरते.

बर्निंग सॉफ्टवेअरचे स्वतःचे ‘व्हेरिफाय’ चालवायला हरकत नाही, पण ते या कामाचा पुरावा नव्हे. जो प्रोग्रॅम ५०,००० सेक्टर लिहून थांबला, तो तपासतानाही तेवढेच सेक्टर तपासण्याची शक्यता आहे. मग तो ‘सर्व जुळले’ असेच म्हणेल.

६. डीव्हीडिझास्टरने परत वाचा

वाचण्याआधी प्रेफरन्सेसमध्ये डिस्कचा आकार कुठून घ्यायचा ते ठरवा. तीन पर्याय असतात:

आयएसओ/यूडीएफ: फाइल सिस्टमच्या नोंदीवरून. ईसीसी असलेल्या डिस्कसाठी हा कधीही घेऊ नका. इथे वाचणारा प्रोग्रॅमच ५०,००० वर थांबतो आणि चांगले बर्निंग सॉफ्टवेअर विनाकारण बदनाम होते.

ईसीसी/आरएस०२: ईसीसीच्या हेडरमधल्या माहितीवरून. रोजच्या वापरात हाच ठेवा.

ड्राइव्ह: ड्राइव्ह जो आकार सांगेल तो. नुकत्याच ब्लँक करून लिहिलेल्या सीडी-आरडब्ल्यूवर हा आकडा बहुधा बरोबर असतो आणि प्रत्यक्षात किती लिहिले गेले ते थेट सांगतो. डीव्हीडी+आरडब्ल्यूवर ड्राइव्ह पूर्ण डिस्कची क्षमता सांगू शकतो, तिथे हा उपयोगाचा नाही.

चाचणीसाठी सीडी-आरडब्ल्यूवर आधी ‘ड्राइव्ह’ ठेवून वाचा. इमेजचे नाव नवीन द्या. मूळ फाइलचेच नाव राहिले तर डीव्हीडिझास्टर तिला अर्धवट वाचलेली इमेज समजून फक्त राहिलेले सेक्टर भरू पाहते, आणि तिथे तर काहीच राहिलेले नसते.

७. आकडे जुळवा

परत वाचलेल्या फाइलचा आकार २०४८ ने भागा आणि ताडून पाहा.

बरोबर ‘ब’ (आपल्या उदाहरणात ६९,८००) आला आणि हॅश जुळला, तर या ड्राइव्हवर, या प्रकारच्या डिस्कसाठी प्रोग्रॅम पास.

‘अ’ (५०,०००) किंवा त्याच्या अगदी जवळचा आकडा आला, तर ईसीसी कापला गेला. प्रोग्रॅम नापास. वाचताना ‘आयएसओ/यूडीएफ’ निवडले नव्हते ना, एवढे एकदा पाहून घ्या.

‘ब’ पेक्षा थोडा जास्त आला तर घाबरू नका. टीएओने लिहिलेल्या सीडीवर २ जादा दिसतात. डीव्हीडीवर लेखन १६ सेक्टरांच्या गटांत होते, त्यामुळे ६९,८०० चे ६९,८०८ होतात. शेवटचे ८ सेक्टर, म्हणजे १६,३८४ बाइट, फक्त भरण असते. ब्ल्यू-रेवर गट ३२ सेक्टरांचा. अशा वेळी पूर्ण फाइलचा हॅश जुळणार नाहीच. लिनक्सवर ‘हेड’ ने पहिले १४,२९,५०,४०० बाइट वेगळे काढून त्यांचा हॅश घ्या, विंडोजवर हेक्स एडिटरमध्ये फाइलची प्रत उघडून जादा शेपूट कापा. तो जुळला की पास.

‘अ’ आणि ‘ब’ यांच्या मधलाच एखादा आकडा आला, किंवा आकार बरोबर पण हॅश वेगळा आला, तर आधी डिस्कवर शंका घ्या. जुनी आरडब्ल्यू डिस्क थकलेली असते. डीव्हीडिझास्टरच्या स्कॅनमध्ये न वाचता येणारे सेक्टर दिसले तर डिस्क बदलून पुन्हा करा. स्कॅन स्वच्छ असूनही हॅश वेगळा असेल तर बर्निंग प्रोग्रॅमने लिहिताना इमेजमध्ये काहीतरी बदलले आहे. असा प्रोग्रॅम या कामातून बाद करा, बदल कितीही किरकोळ असो.

शेवटी व्हेरिफाय चालवा. ईसीसीच्या हेडरमध्ये डेटाचे आणि ईसीसीचे चेकसम, म्हणजे तपासणीचे आकडे, साठवलेले असतात, त्यामुळे मूळ इमेज हाताशी नसली तरी डीव्हीडिझास्टर दोन्ही भाग तपासू शकते. घरात पडून असलेल्या जुन्या डिस्कही याच मार्गाने आत्ता तपासता येतील.

८. मुद्दाम बिघडवून दुरुस्त करून पाहा

ईसीसी डिस्कवर पोहोचला हे कळले. तो कामाला येतो हेही एकदा डोळ्यांनी पाहावे. परत वाचलेल्या इमेजची प्रत करा. हेक्स एडिटरमध्ये बाइट क्रमांक ४,०९,६०,००० वर जा. हा सेक्टर २०,००० चा आरंभ. तिथून २०,४८,००० बाइट, म्हणजे सलग १,००० सेक्टर, शून्यांनी भरा. बाइट काढून टाकायचे नाहीत, त्यांच्या जागी शून्ये लिहायची. फाइलची लांबी तीच राहिली पाहिजे. लिनक्सवर डीडी ही आज्ञा वापरत असाल तर ‘नोट्रंक’ हा पर्याय द्यायला विसरू नका, नाहीतर डीडी पुढची सगळी फाइल छाटून टाकेल.

आता व्हेरिफाय दाबा. डीव्हीडिझास्टरने चेकसम न जुळणारे सुमारे १,००० सेक्टर दाखवले पाहिजेत. एखाद-दुसरा सेक्टर मुळातच शून्यांचा असेल तर आकडा थोडा कमी दिसेल. मग फिक्स दाबा. दुरुस्तीनंतर हॅश पायरी २ मध्ये लिहिलेल्या हॅशशी जुळला पाहिजे.

खऱ्या डिस्कवर ओरखडे काढून किंवा मार्करने डाग पाडून हाच प्रयोग करण्याचा मोह आवरा. खराब सेक्टरवर ड्राइव्ह पुन्हापुन्हा झटतो आणि वाचन तासन्‌तास रेंगाळते. त्यातून नवे काही कळतही नाही.

९. आरएस०३ आणि ब्ल्यू-रेसाठी वेगळी चाचणी

आरएस०३ या डीव्हीडिझास्टरच्या आणखी एका पद्धतीत ईसीसी डिस्क काठोकाठ भरतो, कारण त्याची मांडणी डिस्कच्या पूर्ण आकारावर बेतलेली असते. म्हणून छोट्या इमेजवर पास झालेला प्रोग्रॅम इथे अडखळू शकतो. डीव्हीडीसाठी डीव्हीडिझास्टर २२,९५,१०४ सेक्टर धरते. ही डीव्हीडी+आरची क्षमता. डीव्हीडी-आर २२,९८,४९६ सेक्टरांची असते, त्यामुळे दोन्हींत इमेज मावते. सीडीसाठी आकडा ३,५९,४२४, म्हणजे ८० मिनिटांची सीडी हवी.

ब्ल्यू-रेवर मेख वेगळीच आहे. एका थराच्या बीडी-आरची पूर्ण क्षमता १,२२,१९,३९२ सेक्टर. पण बर्निंग सॉफ्टवेअरने डिस्क लिहिण्याआधी डिफेक्ट मॅनेजमेंटसाठी (खराब सेक्टरांच्या बदल्यात वापरायला) राखीव जागा ठेवून फॉरमॅट केली, तर हातात १,१८,२६,१७६ सेक्टरच राहतात. ग्रोआयसोफ्स हे बर्निंग साधन मुद्दाम बंद केल्याशिवाय अशी जागा राखतेच. बीडी-आर एकदाच फॉरमॅट होते, मागे फिरता येत नाही. म्हणून आधी आपला प्रोग्रॅम काय करतो ते सेटिंग्जमध्ये शोधा आणि त्यानुसार डीव्हीडिझास्टरमध्ये डिफेक्ट मॅनेजमेंट असलेला किंवा नसलेला आकार निवडा. सराव बीडी-आरईवर करा, पायरी ४ मधली काळजी घेऊन.

१०. निकाल लिहून ठेवा

प्रोग्रॅमचे नाव आणि आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टम, ड्राइव्हचे मॉडेल, डिस्कचा प्रकार, डीएओ की टीएओ, ‘अ’, ‘ब’, परत वाचलेला आकार, हॅश जुळला की नाही. एवढे एका ओळीत मावते. सीडीवर पास झालेला प्रोग्रॅम डीव्हीडीवर पास होईलच असे नाही, कारण अनेक प्रोग्रॅम दोन्हींसाठी आतून वेगवेगळी साधने वापरतात. लिनक्सवरचे बरेच चित्रमय प्रोग्रॅम तर स्वतः बर्न करतच नाहीत, मागे वोडिम, सीडीरेकॉर्ड, ग्रोआयसोफ्स किंवा झॉरिसो यांना काम देतात. मागचे साधन बदलले की वरचे नाव तेच असूनही निकाल बदलू शकतो. म्हणून प्रोग्रॅम अपडेट झाला, नवा ड्राइव्ह आला किंवा डिस्कचा प्रकार बदलला, तर पायरी ३ ते ७ पुन्हा करा. चाचणी इमेज आणि तिचा हॅश जपून ठेवला असेल तर यात अर्धा तासही जात नाही.